आमच्या घरची जावा

जुने घर विकायचे तर जागेचा भाव होतो, जुना दागिना विकायचा तर वजनाचा. जुन्या मोटारसायकलीची किंमत कशी करावी, याचे मात्र ठरलेले गणित नाही. भंगारवाला लोखंडाचा भाव सांगतो. शौकीन माणूस ती चालते का, हे विचारतो. अलीकडे उपाहारगृहे सजविणाऱ्यांचा एक तिसरा वर्ग निघाला आहे. ती चालत नसली तरी चालेल, असे ते सांगतात, कारण त्यांना ती भिंतीवर टांगायची असते. २०१८ साली जोगेश्वरी पूर्वेच्या आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचे कागद झाले, तेव्हा हे तिन्ही प्रकारचे लोक एकाच महिन्यात आमच्या दारी येऊन गेले. बोळात पंचवीस वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली पपांची जावा त्यांना पाहायची होती.

आम्ही म्हणजे तिघे भावंडे, दोन भाऊ आणि एक बहीण. या लेखातले ‘आम्ही’ बहुतेक ठिकाणी एकमताचे आहे. जेथे तसे नाही, तेथे ते सांगितले आहे.

जावा हे नाव ऐकून नव्या पिढीला इंडोनेशियातले बेट आठवते. त्या बेटाशी या गाडीचा काही संबंध नाही. प्रागमधील यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलींचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार केले. चेकोस्लोव्हाकियाची ही गाडी मुंबईत आणून विकण्याचा व्यवसाय इराणी कुटुंबाचा होता. आयातीवर निर्बंध आले, तेव्हा त्यांनी म्हैसूरला कारखाना उभारला आणि १९६०च्या सुमारास तेथून भारतीय जावा बाहेर पडू लागली. १९७०च्या दशकात तिचे नाव येझ्दी झाले. इराणमधील यझ्द शहराची आठवण त्या नावात आहे. १९९६ साली कारखाना बंद पडला. त्याच वर्षी तरुणांची लाडकी यामाहा आरएक्स १०० हीही बाजारातून गेली. धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक इंजिनांचे दिवस भरले.

आमच्या पपांना हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते मरोळच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर होते. लेथवर काम करणाऱ्या माणसाची नजर दुकानाच्या काचेतून पाहतानाही घडणीवर जाते. १९६८ साली पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी नवी जावा घेतली ती, आई सांगते त्याप्रमाणे, तिच्या टाकीवरील क्रोमच्या पट्ट्यांसाठी नव्हे, तर तिच्या एका दांडीसाठी. जावाला किक आणि गियर यांची दांडी एकच असते. ती आत दाबून वर फिरविली की किक होते. गाडी सुरू झाली की ती खाली येऊन गियर होते. “एका वस्तूकडून दोन कामे घेणारा माणूस हुशार असला पाहिजे,” असे पपा म्हणत. दोनशे पन्नास सीसीचे एकच सिलिंडर आणि त्याला दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये लिटरमागे चाळीस मिलिलिटर तेल मिसळून घालायचे, दिवे सहा व्होल्टचे, चाके सोळा इंची. किल्ली म्हणजे तर एक खिळाच. कोणाच्याही जावाची किल्ली कोणाच्याही जावाला लागे, आणि तरीही जावा चोरीला गेल्याचे आम्ही लहानपणी ऐकले नाही.

गाडी घरी आणण्याआधी ती चर्चच्या आवारात नेण्यात आली. धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडले. पपांनी हेडलाइटच्या खाली संत ख्रिस्तोफरचे छोटे पितळी पदक डाख देऊन बसविले. पुढच्याच वर्षी, १९६९ साली, रोमने आपली दिनदर्शिका सुधारली. संत ख्रिस्तोफरचा सण सार्वत्रिक यादीतून निघाला आणि स्थानिक चर्चच्या इच्छेवर राहिला. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी हे वर्तमान मुद्दाम येऊन सांगितले. पपांचे उत्तर आमच्या घरात अजून म्हटले जाते: “दिनदर्शिकेतून काढला असेल, रस्त्यावरून नाही काढला.”

त्या जावावरून आमचे बालपण गेले, असे लिहिणे सोपे आहे, पण खरे सांगायचे तर आमच्या बालपणाचा मोठा भाग तिच्यावर जागेसाठी भांडण्यात गेला. धाकटा टाकीवर, आई मागे एका बाजूला पाय सोडून, तिच्या मांडीवर बहीण. थोरल्याने लोकलने यावे, असा निवाडा होई. रविवारी पहाटेची मिस्सा झाली की आरे कॉलनीतून फेरी. सणासुदीला घोडबंदरवरून खाडीचा पूल ओलांडून वसईला आजीकडे. वसईच्या वाडीत शिरताना दोन सायलेन्सरांचा तो थबथब आवाज केळीच्या बागेतून घुमत जाई आणि आजी चुलीवर चहाचे आधण ठेवी. हे पपांनी तिला विचारून खात्री करून घेतले होते.

जावा ज्यांच्या हातांवर चालली, ते मिस्त्री मात्र आमच्या घरचे नव्हते. लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. उत्तर प्रदेशातून लहानपणी आलेले, धर्माने मुसलमान, शाळेत न गेलेले. पपा स्वतः यंत्रावर काम करणारे असल्याने कोणत्याही मेकॅनिकच्या मागे उभे राहून त्याच्या चुका काढत. या एका मिस्त्रींच्या मागे ते स्टूल घेऊन मुकाट बसत. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवताना मिस्त्री डोळे मिटून घेत. इंजिनाची लय बसली की डोळे उघडत. त्यांच्या कामाची एक पद्धत होती, ती पुढे महत्त्वाची ठरली म्हणून येथे सांगतो. काहीही उघडले की निघालेले नट, वायसर, स्प्रिंगा ते एका लोखंडी तारेत ओवून ठेवत, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. लिहिता येत नसल्यामुळे त्यांनी शोधलेली ही वही होती.

१९९२च्या डिसेंबरात क्लच घसरू लागला म्हणून जावा त्यांच्या शेडमध्ये गेली. कॉर्कच्या प्लेटी नव्या बसवायच्या होत्या. पुढे मुंबईत काय झाले, हे वाचकांना सांगायला नको. जानेवारी १९९३ मध्ये जोगेश्वरी पुन्हा पेटली. राधाबाई चाळीचे नाव त्या दिवसांत देशभर गेले. दोन्ही बाजूंची माणसे मेली, दोन्ही बाजूंची घरे जळाली. आमच्या बोळाच्या तोंडाशी रात्री पहारा बसे. त्या दिवसांतल्या एका सकाळी संचारबंदी दोन तास उठली असताना मिस्त्री आणि त्यांचा भाचा जावा ढकलत आमच्या दारात आले. इंजिनाचे डावे झाकण नव्हते. ते आणि बाकीचे सामान एका मोठ्या बिस्किटांच्या डब्यात होते. “साहब, काम अधूरा है, मगर सामान पूरा है,” एवढेच ते म्हणाले. आईने पाणी दिले. पपांनी त्यांना घरात थांबायला सांगितले, पण त्यांना दोन तासांच्या आत परतायचे होते. आठवड्याभराने आम्ही शेड पाहायला गेलो, तेव्हा तेथे वाकलेले पत्रे आणि राख होती. मिस्त्री गावी गेल्याचे कोणी सांगितले. पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता.

आज मागे पाहताना आम्हांला त्या दोन तासांचे गणित सुटत नाही. शेडमध्ये त्यांची स्वतःची हत्यारे होती, पितळी पाने होते, एक नवा व्हाइस होता. ज्या दोन तासांत ते स्वतःचे सामान हलवू शकले असते, त्यात त्यांनी दुसऱ्याची अर्धी उघडलेली, दीड क्विंटलच्या आसपास वजनाची गाडी ढकलत आणली. पपांनी या विषयावर कधी भाषण केले नाही. त्यांनी फक्त एवढेच केले की दुसऱ्या कोणालाही जावाला हात लावू दिला नाही. आम्ही अनेकदा सुचविले. अंधेरीला मेकॅनिक होते, गोरेगावला होते. “त्यांनी डबा दिला आहे. ते येतील,” हे उत्तर ठरलेले. २००४ साली पपा गेले. डबा खाटेखाली राहिला, जावा ताडपत्रीखाली. घरात हीरो होंडा आली, मग एक स्कूटर आली, आणि शहराच्या गतीने आमचे दिवस चालू राहिले.

म्हणूनच २०१८ साली जेव्हा ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातला एक व्यापारी आला आणि उपाहारगृहाच्या भिंतीसाठी म्हणून बरी रक्कम सांगून गेला, तेव्हा आमच्यात पहिल्यांदा मतभेद झाला. धाकट्याचे म्हणणे असे की नव्या इमारतीत मृत गाडीला जागा नाही. भिंतीवर का होईना, लोक तिला पाहतील. बहीण म्हणाली, मोटारसायकल भिंतीला टांगणे म्हणजे पक्षी पेंढा भरून ठेवणे. थोरल्याने मध्यम मार्ग काढला: किंमत नेमकी कशाची, हे आधी ठरवू. त्या चर्चेत पोप फ्रान्सिस यांच्या हार्लेचा विषय निघाला, कारण त्याची बातमी आईने कापून ठेवली होती. हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या ११० वर्षांच्या सोहळ्यात, २०१३ साली, पोपना मोटारसायकल भेट मिळाली. ते तिच्यावर बसून कोठे गेले नाहीत. टाकीवर सही केली आणि ती लिलावाला दिली. २०१४च्या फेब्रुवारीत पॅरिसला ती २,४१,५०० युरोंना गेली आणि पैसे रोममधील बेघरांच्या निवाऱ्यासाठी कारितासला मिळाले. तशी गाडी दुकानातून याच्या अगदी थोड्या अंशात मिळाली असती. बाकीची सगळी किंमत सहीची. “मग आपल्या गाडीवर सही कोणाची?” असे आईने विचारले, आणि खाटेखालचा डबा ओढून काढला.

पंचवीस वर्षांत तो आम्ही उघडला नव्हता. झाकण गंजून घट्ट बसले होते. आत तेलाने माखलेल्या फडक्यात सारे होते: इंजिनाचे झाकण, क्लचच्या स्प्रिंगा, प्रायमरी चेन, आणि तारेत ओवलेले नट-वायसर. तार काळी पडली होती, पण क्रम तसाच होता. आई म्हणाली, “मिस्त्रींनी रोझरीच ओवून ठेवली आहे.” त्या दिवसापासून विक्रीचा विषय निघाला नाही. पुनर्विकासाच्या करारात दुचाकीसाठी एक जागा लिहून घेतली, तेव्हाच आईने सही केली.

मिस्त्री सापडले ते जावावाल्यांमुळे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दीचे मालक ठिकठिकाणी एकत्र येतात. बंगळुरूत येतात, पुण्यात येतात, मुंबईतही येतात. त्या वर्षी आम्ही गाडीवाचून गेलो. धूर, आवाज आणि तेलाचा वास यांत उभे राहून आम्ही ज्याला-त्याला विचारत होतो. वयस्क माणसे आपापल्या गाड्या वडीलधाऱ्याला हात धरून न्यावे तशा रांगेत लावत होती. त्यांतल्या एकाने सांगितले की मीरा रोडला एक म्हातारे मिस्त्री आहेत, जिकोवचा कार्बोरेटर डोळे मिटून लावतात. ‘डोळे मिटून’ हे शब्द ऐकल्यावर पुढचे काही विचारण्याची गरज राहिली नाही.

दंगलीनंतर जोगेश्वरीतून अनेक कुटुंबे मीरा रोडला गेली, त्यांत तेही होते. दोन वर्षे गावी राहून परतले होते. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. आम्ही पपांचे नाव सांगितले. त्यांनी आधी पपांची नव्हे, डब्याची चौकशी केली. तार शाबूत आहे, असे सांगितल्यावर ते खुर्चीतून उठले आणि आत जाऊन चष्मा घेऊन आले.

टेम्पोतून जावा मीरा रोडला नेली ती २०१९च्या उन्हाळ्यात. पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसला होता. आमच्यापैकी एकाने हातोडीचा विषय काढताच मिस्त्रींनी त्याच्याकडे असे पाहिले की तो चहा आणायला निघून गेला. प्लगच्या छिद्रातून गंज सोडविणारे तेल आणि डिझेल घालून त्यांनी इंजिन अकरा दिवस तसेच ठेवले. रोज एकदा चाक किंचित हलवून पाहायचे, एवढेच काम. बाराव्या दिवशी पिस्टन सुटला. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची पोकळीही श्वास घेते. तेथील रबरी सील कडक झाले की इंजिन बाहेरची हवा ओढते आणि गियरचे तेल जाळते. म्हणून क्रँक पूर्ण उघडून बेअरिंगे आणि सील बदलावे लागले. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवला. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्यांवर पंचवीस वर्षांचा जळका थर होता, तो विस्तवात लाल करून झटकला. टाकीत बारीक खडी आणि डिझेल घालून ती दोघांनी दुपारभर हलवली. जे बाहेर आले ते पेट्रोलपेक्षा शेंदरासारखे दिसत होते. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. त्या नव्या ओढल्या, पण रंग मूळचेच ठेवले. काही रबरी भाग बंगळुरूहून आणि म्हैसूरहून मागविले. हेडलाइटची कडी चोरबाजारात तिसऱ्या फेरीत मिळाली. जुनी दुकाने कमी झाली असली तरी जावाचे सामान अजून कोणीतरी बनवते, हे पाहून आम्हांला आश्चर्य वाटले.

रंगावरून मात्र भांडण झाले. धाकट्याला गाडी १९६८ साली दुकानातून निघाली तशी लालभडक, चकचकीत हवी होती. बहिणीचा विरोध होता. टाकीच्या डाव्या बाजूला एक पोचा आहे; एका पावसाळ्यात गाडी घसरली, तेव्हाचा. ज्या जागी धाकटा बसे तेथला रंग घासून पत्रा दिसू लागला आहे. हे सारे भरून, घासून, नवे करायचे तर पपांची गाडी उरेल कोठे, असा तिचा प्रश्न. तिने आमच्याच लेण्यांचा दाखला दिला. जोगेश्वरीची लेणी सहाव्या शतकातली. पाण्याने आणि काळाने तेथील मूर्तींचे चेहरे झिजले आहेत. पुरातत्त्व खाते तेथे गळती थांबवते, खांब सांभाळते. मूर्तीला नवे नाक बसवत नाही. धाकटा म्हणाला, लेणे रस्त्यावर चालवायचे नसते, गंज थांबवला नाही तर टाकी उद्या फुटेल. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. निवाडा मिस्त्रींकडे गेला. ते म्हणाले, “रंग में आपकी मर्ज़ी, इंजन में मेरी.” शेवटी मडगार्ड आणि फ्रेम नव्याने रंगवली, कारण तेथे गंज खोल होता. टाकी आतून साफ केली, बाहेरून फक्त पॉलिश केली. पोचा आहे तसा आहे. संत ख्रिस्तोफरचे पदकही. धाकट्याचे समाधान अजून झालेले नाही. कोणी गाडीचे कौतुक केले की तो टाकीच्या उजव्या बाजूने दाखवतो.

सारा खर्च शंभर सीसीच्या एका नव्या गाडीइतका आला. हौसेच्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी हे आधीच समजून असावे, आणि खर्चाची वही ठेवू नये.

कागदपत्रांची कथा थोडक्यात. पपा गेल्यामुळे गाडी आधी वारस म्हणून आईच्या नावावर करावी लागली. त्यासाठी वेगळा, एकतीस क्रमांकाचा नमुना असतो. पंधरा वर्षांनंतरच्या गाडीची तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायची. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र वर्ग केला. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मान मोठा आहे, पण अट अशी की अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल यांपुरतीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला नाही. आम्ही तो मान घेतला नाही. आईला मिस्सेला नेणे हे रॅलीत बसत नाही.

याच काळात धाकट्याच्या मुलाने नवी मोटारसायकल मागितली आणि तीही जावाच. २०१८च्या नोव्हेंबरात मुंबईतच या नावाचे पुनरागमन झाले. पोराने नोंदणी केली आणि कित्येक महिने वाट पाहिली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबणाऱ्या त्याच्या आजोबांच्या पिढीला हे ओळखीचे वाटले असते. नव्या गाडीचे रूप जुन्यासारखे, दोन सायलेन्सर तसेच, पण आत सगळेच वेगळे. दोनशे त्र्याण्णव सीसी, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे इंजिन, सत्तावीस अश्वशक्ती. जुन्या जावाची बाराच्या आसपास. ब्रेक दाबला की चाक अडकू नये म्हणून एबीएस. आम्ही जुन्या गाडीचे भक्त असलो तरी लिहून ठेवतो, की पावसाळ्यात पश्चिम द्रुतगती महामार्गावर मुलाने नव्या गाडीनेच जावे असे आम्हांला वाटते. जुन्या जावाचा ब्रेक ही विनंती असते, आज्ञा नव्हे. आईने नातवाला चावी देताना फक्त हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हाताने लावून दाखवला. आमच्या धर्मग्रामात अशा गाड्यांवरून गेलेल्या तरुण मुलांच्या मिस्सेला ती बसलेली आहे.

पोराने नवी गाडी कौतुकाने मिस्त्रींना दाखवायला नेली. त्यांनी वाकून कार्बोरेटर शोधला. तो नव्हताच, इंधन किती सोडायचे हे तेथे संगणक ठरवतो. मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, घडण चांगली आहे म्हणाले, आणि हात पुसून खुर्चीवर बसले. त्यांचा मुलगा दिवसभर मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोहोचवतो. इंजिन कधी उघडत नाही. त्यात पैसा नाही आणि हात काळे होतात, हे त्याचे म्हणणे चूक आहे असे कोणी म्हणू नये. परंतु त्या दिवशी परत येताना आम्ही तिघेही एकच हिशेब करत होतो. गाडीचे सामान मिळेल. मिस्त्री पंच्याहत्तरीकडे चालले होते.

जावा २०२०च्या फेब्रुवारीत सुरू झाली. पहिल्या नऊ किका फुकट गेल्या. दहाव्या किकेला तिने सारी गल्ली निळ्या धुराने भरून टाकली. व्हिडिओ पाठवला, तेव्हा भाड्याच्या घरात बसलेली आई म्हणाली, “अजून तशीच घाण करते.” तिने तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. महिन्याभरात टाळेबंदी आली आणि गाडी मीरा रोडलाच अडकली. मिस्त्री रोज सकाळी ती पाच मिनिटे चालू करत, म्हणजे सील पुन्हा कडक होऊ नयेत.

ते संपल्यावर बहिणीच्या मुलीने, जी तेव्हा तंत्रनिकेतनात शिकत होती, शनिवारी मीरा रोडला जायला सुरुवात केली. आम्ही तिला सांगितले नव्हते. मिस्त्रींनी पहिले तीन शनिवार तिला फक्त तार ओवायला लावली. तिच्याजवळ मोबाइल होता, ती प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढू शकली असती, आणि काढतही होती. मिस्त्री म्हणाले, फोटोतला नट हातात येत नाही. चौथ्या शनिवारी त्यांनी तिला पॉइंट उघडू दिले. पॉइंटांमधली फट व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी ठेवायची; ती जरा कमी-जास्त झाली की ठिणगी चुकते. मिस्त्रींचे हात आता थरथरतात. ते काम त्यांना जमत नाही, म्हणून ते डोळ्यांनी सांगतात आणि ती करते.

२०२३ साली नव्या इमारतीत राहायला आलो. करारात लिहून घेतलेली जागा मिळाली. आठ स्कूटरांच्या रांगेत जावा उभी असते. कटकटी संपलेल्या नाहीत. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्या फुगवते, म्हणून उभी ठेवताना टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे लागतात. २०२५ मध्ये जुन्या गाड्यांनाही सुरक्षा पाटी सक्तीची झाली. पुढच्या मडगार्डवर उभ्या पाटीत आजवर पपांनी हाताने रंगविलेला क्रमांक होता. ती पाटी आता आईच्या कपाटात आहे.

गेल्या नाताळाआधी वसईला जायचे ठरले आणि आदल्या संध्याकाळी जावा अडखळू लागली. भाचीने प्लग पाहिला, पॉइंट पाहिले, दोन्ही ठीक होते. तिने मिस्त्रींना फोन लावला आणि काही न बोलता फोन चालू इंजिनाजवळ धरला. खाली स्कूटर लावायला आलेले शेजारी थांबले. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग मिस्त्री म्हणाले, “हवा का स्क्रू, आधा चक्कर, बाहर की तरफ़.” तिने अर्धा फेरा बाहेर फिरवला. लय बसली. आणखी काही विचारायचे म्हणून तिने फोन कानाला लावला, तोवर त्यांनी तो ठेवून दिला होता.